श्रम हौसेचे, परवानगी मालकाची

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकावरच्या खेळांचा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत निघाला की दोन प्रतिक्रिया हटकून येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, मोबाईलने पोरे वाया गेली. तरुण मंडळी काहीच बोलत नाहीत. नुसती एकमेकांकडे पाहून हसतात, कारण बोलणाऱ्याला यातले ओ की ठो कळत नाही याची त्यांना खात्री असते. दोन्ही बाजूंचे गृहीतकृत्य मात्र एकच आहे. खेळ म्हणजे रिकाम्या वेळचा विरंगुळा; त्यात श्रमाचा, मालकीचा, कायद्याचा प्रश्न कोठून येणार, असे दोघेही धरून चालतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. गेली वीस-पंचवीस वर्षे निरनिराळ्या देशांतील हौशी माणसे आपल्या आवडीचे जुने खेळ नव्या यंत्रणेत पुन्हा बांधून काढीत आहेत. त्यांना पगार नाही, मानधन नाही. एकेका खेळावर दहा-दहा, बारा-बारा वर्षे काम चालले आहे. आणि एवढे करून काम पुरे झाले, तरी ते विकण्याचा किंवा आपल्या मर्जीने चालविण्याचा हक्क त्यांना मिळत नाही. श्रमिकांच्या चळवळीने दुर्लक्ष करावे असा हा विषय खचितच नाही.

ज्या खेळांविषयी बोलायचे, त्यांना भूमिका घेऊन खेळायचे खेळ म्हणतात. खेळणारा एक पात्र उभे करतो, त्याचे कुळ, कसब, नाव ठरवितो आणि एका कल्पित देशात त्या पात्राचे आयुष्य जगतो. अमेरिकेत मेरीलँड राज्यात रॉकव्हिल येथे बेथेस्डा नावाची कंपनी आहे. ‘एल्डर स्क्रोल्स’ ही तिची मालिका. तिच्यातला ‘मॉरोविंड’ हा तिसरा खेळ २००२ साली निघाला. बंदिवान म्हणून जहाजातून आणलेला एक अनामिक माणूस ज्वालामुखीच्या बेटावर उतरतो, तेथून खेळ सुरू होतो. कोठे जायचे हे दाखविणारा बाण त्यात नाही. गावकऱ्याला विचारायचे; तो सांगणार की पूल ओलांडून डाव्या हाताला वळा, मग टेकडीच्या कडेकडेने जा. त्याप्रमाणे वाट काढायची, चुकायचे, परत फिरायचे. एस.टी.तून फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत पायी जाणाऱ्याला ही रीत नवी नाही. त्याच मालिकेत २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ आणि २०११ साली ‘स्कायरिम’ आला. हे तीन खेळ ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सारे समजते.

आता ‘इंजिन’ या शब्दाविषयी. खेळाच्या कारखान्यातही हाच शब्द चालतो आणि तो तेथे चुकीचा नाही. या जिल्ह्यातल्या जुन्या विहिरीवर पूर्वी मोट होती. पुढे तेलावरचे इंजिन आले, त्याच्यामागून विजेची मोटर आली. विहीर तीच, पाणी तेच, पाणी वर काढण्याची शक्ती बदलली. खेळातही तसेच असते. देश, नगरे, माणसे, त्यांची बोलणी, त्यांची गाऱ्हाणी हे पाणी. उजेड कसा पडावा, दगड कसा गडगडावा, पाऊल टाकल्यावर जमीन कशी सरकावी, हे सारे चालविणारी यंत्रणा म्हणजे इंजिन. वीस वर्षांपूर्वीचे इंजिन आज रखडत चालते. उजेड मिणमिणता, माणसांचे चेहरे लाकडी. तेव्हा जुने पाणी नव्या इंजिनाने काढावे असे पाण्याची चव ठाऊक असलेल्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण मोटेचा नाडा इंजिनाला जोडता येत नाही. धाव आणि थारोळेही त्याच्या कामाचे नसते. जुन्या खेळातली जवळजवळ प्रत्येक वस्तू नव्या इंजिनासाठी नव्याने घडवावी लागते.

हा उद्योग बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. १९८८ सालचा ‘अल्टिमा ५’ हा खेळ त्याच्या चाहत्यांनी ‘डंजन सीज’ या दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचे इंजिन वापरून २००५ साल संपता संपता पुन्हा उभा केला. १९९०च्या ‘अल्टिमा ६’चे काम दुसऱ्या एका गटाने २०१० साली तडीस नेले. बेथेस्डाच्या खेळांपुरते बोलायचे तर ‘मॉरोविंड’ प्रथम ‘ऑब्लिव्हियन’च्या इंजिनात बसविण्यात आला. त्याच परंपरेतून ‘मॉरोविंड’ला ‘स्कायरिम’च्या इंजिनात आणणारा ‘स्कायविंड’ आणि ‘ऑब्लिव्हियन’ला तेथे आणणारा ‘स्कायब्लिव्हियन’ असे दोन मोठे प्रकल्प निघाले. दोन्हींत मिळून शेकडो स्वयंसेवकांचे हात लागले आहेत. कोणी डोंगरांचे उतार कोरतो, कोणी वनस्पतींची पाने रंगवितो, कोणी चिलखताची आकृती घडवितो, कोणी तपासनिसासारखा दिवसेंदिवस त्याच गुहेतून फिरून कोठे भिंतीतून पाय आरपार जातो काय हे पाहतो. मूळ ‘मॉरोविंड’मध्ये बहुतेक संभाषणे वाचायची होती. ‘स्कायविंड’वाल्यांनी ती सारी बोलती करायची ठरविली आणि त्यासाठी हौशी नटनट्यांचे आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केले. संवादांच्या ओळी हजारोंनी. माणसे येतात, नोकरी लागते, संसार लागतो, निघून जातात. त्यांचे अर्धे राहिलेले काम दुसरा उचलतो. ज्याने दोन-चार वर्षे दिंडीची व्यवस्था सांभाळली आहे किंवा गावच्या वाचनालयाच्या किल्ल्या सांभाळल्या आहेत, त्याला या कामाची गती लगेच कळेल.

नफ्याच्या आमिषाखेरीज माणूस काम करीत नाही हा सिद्धांत अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून आणि वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून सांगितला जातो. त्याला हे उत्तर पुरेसे आहे. मात्र एवढ्यावर समाधान मानून टाळ्या वाजविणे भाबडेपणाचे होईल. फुकट श्रम झाले म्हणजे तेवढ्याने ते मुक्त श्रम ठरत नाहीत. वेठबिगारही फुकटच असते. फरक कोठे आहे ते पाहावे लागते. आणि तो पाहण्यासाठी या जिल्ह्याला फार लांब जावे लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदाची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. नंतरच्या पुनर्वसनात दोन वाटा पडल्या. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे आखणी इंजिनिअरांची, सरळ रस्ते, चौकोनी भूखंड, घरे एकमेकांपासून फटकून. दुसरीकडे, जेथे घर पडले नव्हते पण तडकले होते, तेथे मदतीची रक्कम आणि तांत्रिक सल्ला घेऊन घरमालकांनी आपली घरे आपणच दुरुस्त आणि मजबूत केली. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून त्या कामात उभे केले. सोपा कोठे, चूल कोठे, म्हातारीची बाज कोणत्या भिंतीशी, हे त्या दुरुस्तीत कोणाला विचारावे लागले नाही. नव्या वसाहती भूकंपात तग धरतील अशा बांधल्या गेल्या, आणि ते महत्त्वाचे आहे. पण जुन्या गावाची शेजारपणाची वीण त्या आखणीत उतरली नाही हे अभ्यासकांनी वारंवार नोंदविले आहे.

मनुष्यहानीच्या प्रसंगाची तुलना खेळाशी करणे कोणाला रुचणार नाही. तुलना दुःखाची नाही, बांधण्याच्या रीतीची आहे. जी वस्तू माणसाने वापरलेली असते ती पुन्हा बांधताना त्याला काय ठेवायचे हे कळते. ‘स्कायब्लिव्हियन’च्या मंडळींनी मूळ खेळ जसाच्या तसा गिरविला नाही. एकमेकींसारख्या भासणाऱ्या गुहा त्यांनी वेगवेगळ्या केल्या, ओसाड वाटणाऱ्या नगरांना अंगण आणि गल्ल्या दिल्या, कारण या उणिवा त्यांनी शेकडो तास खेळून अनुभवल्या होत्या. वापरणाऱ्याचे ज्ञान ही उत्पादनातली एक शक्ती आहे. कारखान्याच्या हिशेबात तिला रकाना नसतो.

आता अटींकडे वळू. बेथेस्डा आपल्या खेळांबरोबर ते बदलण्याची हत्यारे ग्राहकांना देते. ‘मॉरोविंड’च्या पेटीतच ते हत्यार होते, ‘स्कायरिम’साठी ते २०१२च्या फेब्रुवारीत आले. ही उदारता खरी आहे, अनेक कंपन्या एवढेही देत नाहीत. परंतु हत्याराबरोबर करारनामा येतो. त्याने घडविलेली वस्तू धंद्यासाठी विकता येत नाही. आणि ती लोकांना वाटली की ती वापरण्याचा कायमचा, विनामूल्य हक्क कंपनीकडे आपोआप जातो. जुन्या खेळातले चित्र किंवा ध्वनी उचलून नव्या खेळात नेण्यासही बंदी आहे. म्हणून तर सारे नव्याने घडवायचे. शिवाय जो ‘स्कायब्लिव्हियन’ खेळू इच्छितो त्याने ‘ऑब्लिव्हियन’ आणि ‘स्कायरिम’ या दोन्हींची रीतसर विकत घेतलेली प्रत जवळ बाळगली पाहिजे. म्हणजे स्वयंसेवकांच्या श्रमाने विक्री वाढलीच तर ती कंपनीच्या मालाची वाढते.

अटी किती ताणल्या जाऊ शकतात याचा अनुभव २०१८ साली एका दुसऱ्या गटाला आला. २००८चा ‘फॉलआउट ३’ हा त्याच कंपनीचा खेळ ‘फॉलआउट ४’च्या इंजिनात आणण्याचे त्यांचे काम चालू होते. मूळ नटांचे आवाज वापरण्याचा प्रश्न त्यांनी कंपनीशी बोलून पाहिला, आणि त्या बोलण्यानंतर काम बंद करीत असल्याचे जाहीर केले. काही महिन्यांनी त्यांनी ते पुन्हा हाती घेतले, पण सारे आवाज नव्या माणसांकडून मुद्रित करण्याच्या तयारीने. कंपनीला दोष देऊन येथे भागत नाही. नटांचे करार, त्यांचे हक्क हाही प्रश्न त्यात आहेच. पण निर्णय कोणाच्या हाती होता हे यावरून दिसते.

पैशाचा प्रश्न निघाला तेव्हा काय झाले? २०१५च्या एप्रिलमध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने आपल्या ‘स्टीम’ नावाच्या विक्रीकेंद्रावर, बेथेस्डाच्या सहकार्याने, ‘स्कायरिम’मधील हौशी फेरबदल विकण्याची सोय केली. येणाऱ्या रकमेची वाटणी अशी ठरली: दुकानाला ३० टक्के, बेथेस्डाला ४५ टक्के, आणि ज्याने वस्तू घडविली त्याला २५ टक्के. मराठी इतिहासात चौथाई वसूल करणारा राज्यकर्ता असे. येथे राबणाऱ्यालाच चौथाई देऊन मालकांनी तीन हिस्से आपल्याकडे ठेवले. मराठवाड्यात बटईने जमीन कसणाऱ्यालाही सहसा याहून बरा वाटा पडतो. खेळणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की ती योजना चार-पाच दिवसांतच मागे घ्यावी लागली. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदली पाहिजे. त्या गदारोळातला मोठा आवाज घडविणाऱ्याला वाटा कमी मिळतो यासाठी नव्हता. आजवर फुकट मिळत होते ते विकत का घ्यावे, यासाठी होता. ग्राहकाचा संताप आणि श्रमिकाचा प्रश्न हे नेहमी एकच नसतात. उसाचा भाव वाढला म्हणून कोयत्याची मजुरी वाढली असे आपोआप कधी होत नाही, हे कळंब-भूमच्या ऊसतोड कुटुंबांना कोणी शिकवायला नको. २०१७ साली कंपनीने फेरबदल विकण्याची स्वतःची निराळी व्यवस्था सुरू केलीच.

आणि ही तर परवानगी असलेल्यांची कहाणी झाली. जेथे ती नाही तेथे एक पत्र पुरते. जपानच्या स्क्वेअर कंपनीचा १९९५ सालचा ‘क्रोनो ट्रिगर’ हा खेळ त्रिमितीत पुन्हा उभारू पाहणारे तरुण होते. २००४ साली कायदेशीर नोटीस आली, काम थांबले. २००३च्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ या गाजलेल्या खेळाला ‘अनरिअल’ इंजिनात आणण्याचे काम एका गटाने बरेच पुढे नेले होते. २०१८ साली लुकासफिल्मकडून तशीच सूचना आली आणि जे झाले होते ते बाजूला ठेवावे लागले. पुढे २०२१ साली त्याच खेळाची अधिकृत नवी आवृत्ती येणार अशी घोषणा झाली. पुढल्याच वर्षी ते काम रखडल्याच्या आणि एका कारखान्याकडून दुसऱ्याकडे गेल्याच्या बातम्या आल्या. मालकाला स्वतःला करायचे जमत नाही आणि दुसऱ्याला तो करू देत नाही, ही अवस्था पडीक जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव लावून बसलेल्या माणसाची आठवण करून देते. उलट उदाहरणही आहे. व्हॉल्व्हने आपल्या ‘हाफ-लाइफ’ची चाहत्यांनी केलेली नवी बांधणी केवळ चालवूनच घेतली नाही, तर ती विकण्याची मुभा दिली, आणि २०२० साली ती पूर्ण स्वरूपात विक्रीस आली. पण ती मालकाची मेहेरबानी होती, कोणाचा हक्क नव्हता.

हक्क केव्हा मिळतो? भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ग्रंथावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे राहत असे. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत १९९१ अखेर संपणार म्हणून ती साठ वर्षांवर नेण्यात आली. साने गुरुजी १९५० साली गेले. २०१० साल संपले तेव्हा ‘श्यामची आई’ सर्वांची झाली. आज ती कोणीही छापू शकतो, स्वस्तात देऊ शकतो. तिच्या वाचकांत त्यामुळे घट झाली असे कोणी म्हणणार नाही. कंपनीच्या नावावर असलेल्या कृतीची गोष्ट अमेरिकेत निराळी आहे. तेथे प्रसिद्धीपासून पंचाण्णव वर्षे हक्क चालतो. २००२चा ‘मॉरोविंड’ सार्वजनिक व्हायला १ जानेवारी २०९८ उजाडावा लागेल. खेळ निघाला त्या वर्षी सास्तूरला जन्मलेले मूल तेव्हा पंचाण्णव ओलांडून गेलेले असेल. पुस्तक तितकी वर्षे कपाटात टिकते, वाळवी लागली नाही तर. खेळ टिकत नाही, कारण त्याला चालविणारे यंत्रच राहत नाही. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ साली पाहणी प्रसिद्ध केली. २०१०पूर्वी तेथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत, असे तीत आढळले. मालकी शाबूत आहे, माल नाहीसा झाला आहे.

तुळजापूरच्या गोंधळाची येथे आठवण होते. संबळ-तुणतुण्याच्या साथीवर नायक जी कथा सांगतो तिच्यावर कोणाचा शिक्का नसतो. ऐकणाऱ्यांची पिढी बदलते तशी तीत नवी वाक्ये, नव्या कोपरखळ्या शिरतात, आणि त्यामुळेच ती जिवंत राहते. जुन्या काळी सारे मोकळे होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. गोंधळ घालण्याचा हक्क जातीने बांधलेला होता. ती मालकी कागदावर नव्हती इतकेच. पण कथा पुन्हा सांगण्यासाठी कोणाची लेखी अनुमती लागत नव्हती, आणि कथेला त्याचा फायदा झाला.

खेळांच्या जगात या कोंडीवर एक निराळा मार्ग काही लोकांनी काढला आहे. कार्यकर्त्यांनी मुद्दाम समजून घ्यावा असा तो आहे. २००८ साली ‘ओपनएमडब्ल्यू’ या नावाने काम सुरू झाले. त्यांनी ‘मॉरोविंड’चा देश पुन्हा रंगविला नाही. त्यांनी त्याचे इंजिनच मुळापासून नव्याने लिहिले. कंपनीच्या संकेतावलीतली एक ओळही न घेता, खेळाच्या फायली कशा वाचल्या जातात याचा अभ्यास करून त्यांनी स्वतःची यंत्रणा घडविली आणि ती मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली केली. ती कोणीही पाहावी, बदलावी, वाटावी. अट एवढीच की बदललेली प्रत वाटताना तीही तितकीच खुली ठेवावी. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सुरू केलेल्या मुक्त संगणकप्रणालीच्या चळवळीतून आला आहे. खेळाची मूळ सामग्री अजूनही विकतच घ्यावी लागते, पाणी कंपनीचेच आहे. पण इंजिन लोकांचे झाले. उद्या कंपनी बुडाली, विकली गेली, तिने जुना माल बंद केला, तरी ज्याच्याजवळ प्रत आहे त्याचा खेळ चालू राहील. विकली जाण्याचा मुद्दा काल्पनिक नाही. बेथेस्डाची मूळ कंपनी मायक्रोसॉफ्टने सुमारे साडेसात अब्ज डॉलरला घेतली आणि तो व्यवहार २०२१च्या मार्चमध्ये पुरा झाला. त्या एका सहीबरोबर ज्या करारनाम्यांवर स्वयंसेवक विसंबून होते, त्यांच्या दुसऱ्या पक्षाचा मालकच बदलला.

‘स्कायविंड’ आणि ‘ओपनएमडब्ल्यू’ दोन्हींत श्रम हौसेचेच. पण पहिल्यात चाहत्याने मालकाच्या वाड्यात सुंदर नवे दालन बांधले. दुसऱ्यात त्याने आपल्या अंगणात चाक बसविले. पहिले काम डोळ्यांना अधिक दिपविते. चळवळीच्या दृष्टीने मोलाचे दुसरे आहे, आणि त्याची कीर्ती पुष्कळच कमी आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोडून टाकण्याजोगा नाही. हे सारे फावल्या वेळाचे श्रम आहेत, आणि फावला वेळ सर्वांना सारखा मिळत नाही. ज्याच्याजवळ संगणक आहे, अखंड वीज आहे, दिवसाची भाकर मिळवून झाल्यावर चार तास उरतात, तोच चिलखताची आकृती घडवीत बसणार. दिवाळीनंतर आईबापांबरोबर साखर कारखान्याच्या फडावर जाणाऱ्या मुलाचा त्यात संबंध कोठे? आक्षेप खरा आहे. म्हणूनच तो फावल्या वेळाच्या वाटपावर घ्यायला हवा, हौसेवर नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी रविवारची सुटी मागितली आणि १८९० साली ती मिळविली. त्या सुटीत कामगारांनी काय करावे याची यादी मालकांना दिली नव्हती. कोणी भजन करी, कोणी तालमीत जाई, कोणी तमाशा बघे. श्रमिकाच्या मुलाने खेळ खेळावा की खेळ घडवावा हे त्याला ठरविता यावे एवढ्यासाठी तरी त्याच्या हाती वेळ आणि हत्यार असले पाहिजे. २०१६पासून स्वस्त झालेल्या इंटरनेटने वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना खेळणारे केले. त्यांना घडविणारे कोणी केले नाही. मोबाईलमधला खेळ उघडून आत काय आहे हे पाहता येत नाही. तो तसा बंदच बनविलेला असतो. पोरे वाया गेली असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी राग धरायचाच तर या बंद पेटीवर धरावा.

२२ एप्रिल २०२५ रोजी, आदल्या दिवशीपर्यंत अधिकृत घोषणा न करता, बेथेस्डाने ‘ऑब्लिव्हियन’ची स्वतःची नवी आवृत्ती बाजारात आणली. ‘स्कायब्लिव्हियन’च्या मंडळींनी २०२५ पर्यंत काम संपविण्याचा संकल्प दोन वर्षांपूर्वीच जाहीर केला होता; त्याच वर्षी ही आवृत्ती आली. तिच्यात आतून जुनेच इंजिन चालते, त्याच्यावर दर्शनी भाग ‘अनरिअल’च्या नव्या इंजिनाचा आहे. जुन्या भिंतीवर उत्तम गिलावा, असे कोणी गवंडी म्हणेल. बरोबर असे की तो गिलावा देखणा आहे आणि लोकांनी तो आवडीने घेतला. दहा वर्षांहून अधिक काळ त्याच घराच्या बांधकामावर राबणाऱ्या हौशी माणसांना त्या दिवशी काय वाटले असेल याची कल्पना करता येते. कंपनीने त्यांना नव्या आवृत्तीच्या प्रती भेट म्हणून पाठविल्या. त्यांनी जाहीरपणे आभार मानले आणि आपले काम चालूच राहील असे सांगितले. त्या भेटीत कंपनीचा कावा शोधण्याचे कारण नाही; तो सद्भावच असावा. तरीही एका बाजूला दशकाचे श्रम आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येकी एक प्रत, असा हा व्यवहार झाला, आणि त्यात कोणत्याही कायद्याचा भंग झाला नाही.

जिल्ह्यात यातून काय करता येईल, असे कार्यकर्ते विचारतील. मोठे काही नाही. १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांतल्या एखाद्या ठिकाणी संगणक धूळ खात पडला असेल तर त्यावर मुक्त परवान्याची प्रणाली आणि ‘ओपनएमडब्ल्यू’सारखे खुले इंजिन बसवावे, खेळाची एक रीतसर प्रत विकत घ्यावी, आणि अकरावी-बारावीच्या किंवा आयटीआयच्या चार मुलामुलींना ते आतून उघडून दाखवावे. भारतीय कायद्याच्या कलम ५२ने रीतसर घेतलेल्या प्रणालीचा अभ्यास करण्याची आणि स्वतःच्या बिनधंदेवाईक वापरासाठी तीत फेरफार करण्याची मोकळीक दिलेली आहे; तिची एक प्रत संगणकाशेजारी भिंतीवर लावावी, म्हणजे कोणी उगाच घाबरणार नाही. मुलींना संध्याकाळी घरी लवकर जावे लागते, तेव्हा वर्ग दुपारी ठेवावा. संगणक जुना असला तरी चालेल. वीज मात्र त्या वेळेला असली पाहिजे.